साडी, खडू आणि स्मार्टवॉच: हे घड्याळ रोजच्या वापराला ठेवू का?

माजघर | २९ जून, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते. जरा लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला तरी कशाच्या जोरावर मागू?

मी नाशिकला शाळेत गणित शिकवते. सातवी ते नववी. रोज साडी. डाव्या हातात लग्नातलं सोनेरी टायटन, अगदी इवलीशी तबकडी. उजव्या हातात दोन पाटल्या आणि चार काचेच्या बांगड्या. बावीस वर्षं हेच चाललंय आणि मला ते आवडतं. पण आता गरज बदलली. माझे वडील, अण्णा, ७८ वर्षांचे आहेत, संगमनेरला एकटे राहतात. इकडे या म्हटलं की विषय बदलतात. मार्चमध्ये ते अंगणात घसरले. मला सात फोन केले. फोन स्टाफरूमच्या कपाटात, मी नववी ब मध्ये. मधल्या सुट्टीत स्क्रीन पाहिली तेव्हा पायाखालची जमीन सरकली. मुका मारच होता, पण त्या दिवसापासून ठरवलंय की अण्णांचा फोन आला की माझ्या मनगटाला कळलं पाहिजे.

एप्रिलमध्ये दोन हजारांच्या आतलं एक चौकोनी घड्याळ आणलं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्याची एकच गोष्ट सांगते. अण्णा हौसेने मराठीत टाइप करतात. एकदा त्यांनी लिहिलं, 'गोळ्या मिळाल्या. डॉक्टरांकडे जायची गरज नाही.' घड्याळात वेलांट्या अक्षराच्या भलत्या बाजूला, जोडाक्षरं मोडून पाय मोडल्यासारखी, मध्ये दोन रिकामे चौकोन. आणि ओळ 'गरज' या शब्दावर संपलेली. 'नाही' पडद्यावर मावलाच नव्हता. मी वर्ग शेजारच्या बाईंवर सोपवून खाली धावले. ते घड्याळ त्याच संध्याकाळी काढून ठेवलं.

मग नणंदेने तिचं फॉसिल जेन ६ दिलं. तिने नवीन घेतलंय, म्हणाली, 'वापरून बघ, आवडलं तर तुझंच.' ४२ मिलिमीटरचं, रोझ गोल्ड रंगाचं, गोल. हे घड्याळ २०२१ सालचं. कंपनी मुळात फॅशनची घड्याळं करणारी, आणि ते हातात घेताच कळतं. स्टीलची केस, म्हणजे बाहेरचं कवच, उजवीकडे तीन बटणं, मधलं चावीसारखं फिरतं. लांबून पाहणाऱ्याला साधं घड्याळच वाटतं. शाळा सुरू झाल्यापासून पंधरा दिवस रोज घातलंय. निरीक्षणं अशी:

पडद्यावर मी पांढरी तबकडी आणि रोमन आकडे लावलेत. मनगट वळवलं की उजळते, तास-मिनिटं कळतात. अण्णांचे निरोप वेलांटी-उकारासकट स्वच्छ वाचता येतात. एवढ्यानेच माझा निम्मा जीव भांड्यात पडला.

आकार मात्र मला मोठा वाटतो. माझ्या मनगटाचा घेर साडेचौदा सेंटिमीटर. फळ्यावर लिहिताना डावा हात कमरेवर असतो, तेव्हा केसची कड निऱ्यांना घासते.

चार्जिंग रोज. कंपनीच २४ तासांचं बोलते, आणि अर्ध्या तासात ८० टक्के होतं असंही सांगते. मी आंघोळ आणि देवपूजेच्या वेळेत लावते. टायटनचा सेल दोन-दोन वर्षांनी बदलायची सवय असलेल्या बाईला ही रोजची कामगिरी जड जाते.

आणि खडू. संध्याकाळी बटणांच्या खाचांत पांढरी रेघ दिसते. मऊ ब्रशने कोरडीच झाडते.

आता प्रश्न. एक, हे रोजचं घड्याळ होऊ शकतं का? दोन, आकाराचं काही करता येईल का? तीन, नणंदेने सोबत जाळीचा धातूचा पट्टा दिलाय, तो रेशमी साडीवर चालेल का? चार, पावसाळ्यात स्कूटरवर घालू का? अनुभव असलेल्यांनी मोकळेपणाने लिहा.

---

घड्याळजी_दुसरी_पिढी | २९ जून, रात्री ११.०५

ताई, सोलापुरात आमचं दुकान आहे, वडिलांनी सुरू केलं. एचएमटी उघडता उघडता मी हे काम शिकलो. एचएमटीने १९६१ साली बेंगळुरूला जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने घड्याळं करायला सुरुवात केली. त्या काळातलं घड्याळ आजही कोणी घेऊन आलं तर मी उघडतो, तेल घालतो, चालू करून देतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण 'रोजचं घड्याळ' याचा माझ्या लेखी अर्थ तो आहे: बिघडलं तर उघडता आलं पाहिजे. तुमच्याकडचं उघडायचं म्हणजे पातळ, नाजूक काम. बॅटरी आत, पाणी अडवणारं रबर पुन्हा नीट बसवायचं. करणारे आहेत, पण प्रत्येक गल्लीत नाहीत.

आता आकार. लोक मिलिमीटर विचारतात तो तबकडीचा आडवा. खरं माप उभं घ्यायचं: पट्टा अडकतो त्या वरच्या कानापासून खालच्या कानापर्यंत. आणि मनगटाची वरची सपाट जागा पट्टीने मोजा, गोल घेर नव्हे. कानांची टोकं त्या सपाट जागेच्या आत राहिली तर घड्याळ बसलं. बाहेर लोंबली तर कितीही सुंदर असो, ते आपलं नाही. टोकं खाली वळलेली असतील तर दोनेक मिलिमीटरची सवलत मिळते.

तुमच्या घड्याळाची जमेची बाजू अशी की त्याला १८ मिलिमीटरचा साधा पट्टा लागतो. कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो. फॅशनचं घड्याळ म्हणून विकायचं आणि पट्टा स्वतःच्याच आकड्याचा ठेवायचा, असं कित्येक कंपन्या करतात. मग पट्टा तुटला की दोन महिने वाट बघा. तुमच्यात तसं नाही. मऊ, पातळ चामड्याचा लावून बघा. जाड पट्ट्याने घड्याळ उंच बसतं, पातळ पट्ट्याने हाताला चिकटून बसतं आणि लहान दिसतं.

पाण्याचं: त्यावर ३ एटीएम आहे, म्हणजे ३० मीटर पाण्याचा दाब सोसण्याचं माप. मागे '३० मीटर' लिहिलेलं वाचून लोक पोहायला जातात. तो आकडा स्थिर पाण्याच्या दाबाचा आहे, हात मारताना दाब वाढतो. पावसाचे शिंतोडे, हात धुणं, चालेल. स्कूटरवर रेनकोटच्या बाहीत ठेवा. पण गरम पाणी आणि साबण नको. रबर त्यानेच लवकर मरतं.

---

पायपीट | ३० जून, सकाळी ६.१५

पळणारा माणूस म्हणून सांगतो, आठवडाभर बॅटरी चालणारी आणि उन्हात लख्ख दिसणारी खेळाची घड्याळं आहेत. एवढ्या पैशात चार्जिंगची कटकट कशाला?

---

माजघर | ३० जून, सकाळी ७.०२

पायपीट, तुमचं बरोबर आहे, पण मी पळत नाही, आणि काठपदरावर रबरी पट्टा माझ्या मनाला पटत नाही. दिसणं ही माझ्यासाठी वरवरची बाब नाही. जी वस्तू अंगावर घालायची ती मला आवडली नाही तर मी ती घरी विसरेन. आणि विसरले तर अण्णांचा फोन पुन्हा चुकेल.

---

सहावा_मजला | ३० जून, दुपारी ३.३०

माजघर ताई, शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे. मी म्युनिकमध्ये सॉफ्टवेअरमध्ये आहे, मूळ सातारचा. घड्याळांवर थेट नाही, पण लहान उपकरणांवर काम केलंय.

आधी तुमच्या मोडक्या मराठीचं कारण सांगतो. ऱ्हस्व वेलांटी आपण अक्षराच्या आधी काढतो, पण संगणकात ती व्यंजनाच्या नंतर साठवली जाते. 'मि' म्हणजे आधी 'म', मग वेलांटी. दाखवताना तिला उचलून पुढे आणायचं काम एक वेगळं सॉफ्टवेअर करतं. जोडाक्षरांचंही तसंच: 'ळ', पायमोड, 'य' अशा तीन गोष्टींतून 'ळ्य' घडवावा लागतो. अँड्रॉइड आणि आयफोनच्या कुटुंबातल्या घड्याळांत ही यंत्रणा असते. स्वस्त घड्याळांत बहुतेकदा अगदी छोटी प्रणाली असते, तिच्यात अक्षरांची चित्रं एकामागून एक चिकटवली जातात. चित्रच नसेल तर चौकोन. म्हणून दुकानात गेल्यावर मी सगळ्यांना एकच परीक्षा घ्यायला सांगतो: घरून कोणाला तरी 'किल्ली कुऱ्हाडीखाली ठेवली' असा निरोप पाठवायला सांगा आणि घड्याळात वाचा. वेलांटी, जोडाक्षर, अर्धा र, सगळं एका ओळीत तपासून होतं.

आता काळजीचं. फोन स्टाफरूममध्ये आणि तुम्ही वर्गात, असं लिहिलंत. घड्याळ फोनशी ब्लूटूथने बोलतं. मोकळ्या जागेत दहाएक मीटर धरा, आणि मध्ये भिंती, जिना, लोखंडी कपाट आलं की त्याहूनही कमी. शाळेत वायफाय असेल आणि घड्याळ त्याला जोडलं असेल तर निरोप येऊ शकतील. साधा फोन कॉल मात्र ब्लूटूथ तुटलं की मनगटावर येत नाही. पंधरा दिवसांत अण्णांचा फोन वर्गाच्या वेळेत आला होता का? नसेल तर आजच करून बघा. ज्यांना फोन सोबत ठेवताच येत नाही त्यांनी ई-सिमचं, म्हणजे आतच सिम असलेलं आणि फोनशिवाय कॉल घेणारं घड्याळ बघावं. भारतात जिओ आणि एअरटेल ॲपल वॉच आणि गॅलक्सी वॉचच्या सेल्युलर मॉडेलना ती सोय देतात. जेन ६ मध्ये सिमची सोय नाही.

आणि एक, घेण्याआधी माहीत हवं असं. फॉसिलने जानेवारी २०२४ मध्ये स्मार्टवॉचच्या धंद्यातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे जेन ७ येणार नाही. चालू घड्याळं त्याने बंद पडत नाहीत, पण पुढची सुधारणा, सुटे भाग, नवीन फोनशी जुळणं, या गोष्टींवर भरवसा ठेवून आज पैसे मोजू नयेत. तुम्हाला ते नणंदेकडून मिळतंय ही वेगळी गोष्ट. विकत घेणार असतात तर मी नको म्हटलं असतं.

---

माजघर | १ जुलै, संध्याकाळी ६.१०

सहावा मजला, तुमचे आभार कसे मानू? आज मधल्या सुट्टीत करून पाहिलं. सहकारी बाईंना माझ्या नंबरवर फोन करत राहायला सांगितलं आणि मी स्टाफरूममधून निघाले. व्हरांड्यात थरथर होती. जिन्याच्या पहिल्या वळणावर थांबली. वर गेल्यावर पाहिलं, पडद्यावर फोनशी जोडणी तुटल्याची छोटी खूण. नववी ब त्याहून एक मजला वर आहे.

म्हणजे पंधरा दिवस मी घड्याळ घालून निर्धास्त होते आणि अण्णांचा फोन आला असता तर मला कळलंच नसतं. अण्णांनी या दिवसांत दुपारी फोन केला नाही, एवढंच. आज हात थंड पडले माझे.

---

येवल्याचा_माग | १ जुलै, रात्री ८.४५

ताई, मुख्याध्यापकांशी बोला, वडिलांचं कारण आहे, फोन पर्समध्ये बंद आवाजात ठेवायला हरकत घेणार नाहीत.

मी लिहायला आलो ते जाळीच्या पट्ट्याबद्दल. आमच्याकडे चार पिढ्या पैठणी विणतात. जाळीचा पट्टा, ज्याला लोहचुंबकाचं टोक असतं, तो रेशमावर घालू नका असं मी गिऱ्हाइकांना सांगतो. जाळी बोटाने चाचपली तर गुळगुळीत लागते. पण कडेला, जिथे ती कापून दुमडलेली असते, तिथे बारीक तारेची टोकं असतात. पदर सारताना नेमका तोच भाग रेशमावरून जातो.

हातमागावरची पैठणी त्यातल्या त्यात वाचते. तिच्या पदरावरचा मोर आणि मुनिया रंगीत बाण्याच्या, म्हणजे आडव्या धाग्याच्या, छोट्या कांड्यांनी जागच्या जागी विणलेले असतात, प्रत्येक रंग शेजारच्या रंगात अडकवून परत फिरतो. म्हणून उलटी बाजू सुलट्यासारखीच सपाट दिसते, मोकळे धागे लोंबत नाहीत. जॅकार्डच्या यंत्रावरच्या स्वस्त साड्यांत मात्र मागच्या बाजूला धागे नक्षीपासून नक्षीपर्यंत मोकळे ओढलेले असतात. त्यात तार अडकली की एक धागा वीतभर निघतो आणि पुढच्या बाजूला अख्खा मोर आक्रसतो. अशा साड्या दुरुस्तीला येतात माझ्याकडे. आत ओढलेला धागा सुईने परत बसवता येतो, तुटलेला नाही.

परीक्षा सोपी आहे. पायातला जुना नायलॉनचा मोजा घ्या आणि पट्ट्यावरून, केसच्या कडेवरून, बक्कलच्या जिभेवरून हलक्या हाताने फिरवा. जिथे अडकेल तिथे साडीही अडकेल. चामड्याच्या पट्ट्याचं बक्कलही तपासा, त्याची जीभ कधीकधी पुढे आलेली असते.

---

नवा_डाव | १ जुलै, रात्री १०.२०

मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, थोडं वेगळं मत मांडतो. हजार-दीड हजारात घड्याळ मिळतं, वर्षभर वापरायचं, नवीन घ्यायचं. दरवर्षी नवा रंग, नवी रचना. फॅशन म्हणजे तरी दुसरं काय? वीस-पंचवीस हजारांचं घेऊन पाच वर्षं जपण्यापेक्षा हे बरं नाही का?

---

घड्याळजी_दुसरी_पिढी | १ जुलै, रात्री १०.५०

मित्रा, तुझ्या खिशाचा विचार मला समजतो. पण माझ्या दुकानात एक पिशवी आहे, लोक बंद पडलेली अशी घड्याळं तिथेच सोडून जातात. मला त्यांचं काही करता येत नाही. पट्टा केसला चिकटलेला, केस गोंदाने बंद, आत फुगलेली बॅटरी. कचऱ्यात टाकवत नाहीत, कारण लिथियमची बॅटरी दाबली गेली तर पेट घेते. २०२२ च्या ई-कचरा नियमांनी, जे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, परत घेऊन मार्गी लावायची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. म्हणून मी ती साठवून अधिकृत गोळा करणाऱ्यांकडे देतो. वर्षाला एक असा हिशोब तुझ्या वर्गातल्या साठ मुलांनी केला तर ती पिशवी केवढी होईल, बघ.

आणि खर्चाचाही हिशोब कर. लिथियमची बॅटरी साधारण ३०० ते ५०० वेळा पूर्ण भरली-रिकामी झाली की तिची ताकद ८० टक्क्यांच्या आसपास येते. रोज भरावं लागणारं घड्याळ हा आकडा दीड वर्षात गाठतं, मग ते स्वस्त असो की महाग. आठवड्याने भरावं लागणाऱ्याला तिथे पोहोचायला सहा ते नऊ वर्षं लागतात. घड्याळ घेताना मी सगळ्यात आधी हाच प्रश्न विचारतो. मोठी किंमत मोजून रोज भरायचं घड्याळ घेणाऱ्याला मी सांगतो, तिसऱ्या वर्षी ते दुपारी मान टाकेल ही तयारी ठेवा.

---

नवा_डाव | १ जुलै, रात्री ११.१५

बॅटरीचा हिशोब असा कधी केला नव्हता. घरात माझी बंद पडलेली दोन आहेत. कुठे द्यायची ते बघतो.

---

ओपीडी | २ जुलै, दुपारी २.००

रत्नागिरीत फिजिशियन आहे. आज दोन रुग्ण घड्याळातले आकडे दाखवायला आले, म्हणून लिहायलाच हवं.

मागच्या बाजूला जो हिरवा दिवा चमकतो त्याचा प्रकाश रक्त शोषतं. ठोक्यागणिक रक्त वाढतं-कमी होतं, परत येणारा प्रकाश त्याप्रमाणे बदलतो, त्यावरून ठोके मोजतात. माणूस शांत बसला असेल तर हे बऱ्यापैकी जमतं. पट्टा सैल असेल, हात हलत असेल, तर गडबड. बांगडीसारखं सैल घातलेलं घड्याळ सुंदर दिसतं, पण ठोके चुकीचे दाखवतं. मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, करंगळीचं टोक जेमतेम आत जाईल इतकं घट्ट, एवढं पुरे.

रक्तदाबासाठी घड्याळावर विसंबू नका. दंडाला पट्टा बांधायचं यंत्र घरी ठेवा. आणि सुई न टोचता साखर मोजतो म्हणणारं घड्याळ किंवा अंगठी कृपा करून घेऊ नका. अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट इशारा दिला की अशा एकाही घड्याळाला त्यांनी मान्यता दिलेली नाही. चुकीचा आकडा पाहून कोणी इन्सुलिन घेतलं तर जीवावर बेतेल.

पावलांबद्दल: १०,००० हा आकडा वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राचं नावच 'दहा हजार पावलांचा मापक' होतं, तिथून तो जगभर गेला. २०१९ साली अमेरिकेत १६ हजारांहून जास्त वयस्क स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला ४,४०० पावलांपासूनच मृत्यूचं प्रमाण ठळकपणे कमी दिसलं आणि ७,५०० च्या आसपास फायदा स्थिरावला. कितीतरी आज्ज्या १०,००० झाले नाहीत म्हणून हिरमुसतात, त्यांना हे सांगा.

पट्ट्याखाली लाल चट्टे येतात त्याची कारणं मला दोन दिसतात. पट्ट्याखाली अडकलेला साबण आणि घाम, किंवा निकेल. खोटे कानातले घातले की ज्यांचे कान चिघळतात त्यांनी बक्कल आणि सोनेरी मुलाम्याकडे लक्ष ठेवावं. मुलामा कडेला झिजला की खालचा धातू कातडीला लागतो. रात्री काढून ठेवा, हात पुसून कोरडा करा. माजघर ताईंना त्रास नसेल तर काळजीचं कारण नाही.

---

सहावा_मजला | २ जुलै, संध्याकाळी ७.४०

घड्याळजी काकांच्या बॅटरीच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. ज्यांना दिसायला दागिना आणि चार्जिंग कमी हवं, त्यांच्यासाठी एक वेगळा वर्ग आहे, त्याबद्दल इथे कोणी लिहिलं नाही. गार्मिनचं लिली २०२१ साली आलं, साडेचौतीस मिलिमीटरचं, काचेखाली नक्षी, पडदा हात लावला किंवा मनगट वळवलं की उजळतो, वजन २४ ग्रॅम, कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे बॅटरी पाच दिवस. त्याला १४ मिलिमीटरचा पट्टा लागतो. गार्मिनच्याच विवोमूव्ह ट्रेंडला खरे काटे आहेत, बाजूला सरून ते पडद्याला जागा देतात. तेही पाच दिवसांचं, पण ४० मिलिमीटरचं. विदिंग्जच्या काट्यांच्या घड्याळांची बॅटरी महिनाभर चालते. या सगळ्यांत वेळ किंवा बॅटरी यांचा विचार आधी केलेला आहे, ॲप्स कमी. मराठी अक्षरांची परीक्षा मात्र प्रत्येकाची दुकानातच घ्या.

---

संध्याछाया | ३ जुलै, सकाळी ११.३०

माजघर, मी निवृत्त शिक्षिका आहे, कोल्हापूर. तुमचा धागा वाचून डोळे भरले. घड्याळाचं मला कळत नाही. पण अण्णांकडेही काही व्यवस्था करता येईल का? शेजारच्यांचा नंबर, फोनवर एक बटण दाबलं की तुम्हाला आणि शेजाऱ्यांना दोघांना फोन जाईल असं काही. तुमच्या मनगटावर कळलं तरी संगमनेरला पोहोचायला तुम्हाला दीड-दोन तास लागणार.

---

माजघर | २१ जुलै, रात्री ९.१५

सगळ्यांना नमस्कार. तीन आठवडे लिहिलं नाही, कारण आधी करून बघायचं होतं.

मुख्याध्यापिका बाईंना अर्ज दिला, कारण लिहून. त्यांनी दोन अटी घातल्या: फोन आवाज बंद करून टेबलाच्या खणात, आणि वर्गात हातात घ्यायचा नाही. घड्याळात मी अण्णा, त्यांचे शेजारी आणि मुलाची शाळा, एवढेच तीन नंबर चालू ठेवलेत. बाकी सगळं बंद. एवढं बंद केल्यावर संध्याकाळी चार्ज पूर्वीपेक्षा बराच उरतो, हा वरचा फायदा.

घड्याळजी काका, तुमच्या सांगण्यावरून मनगटाची सपाट जागा मोजली. कानांची टोकं जेमतेम आत बसतात. रविवार कारंजाजवळच्या दुकानातून १८ मिलिमीटरचा कॉफी रंगाचा पातळ चामड्याचा पट्टा घेतला. दुकानदाराने एक भोक जास्तीचं पाडून दिलं. आता घड्याळ हाताला चिकटून बसतं आणि निऱ्यांना घासत नाही. स्टाफरूममध्ये दोघींनी विचारलं, 'नवीन घड्याळ का?' ते फोनशी जोडलेलं आहे हे कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि मला तेच हवं होतं.

येवल्याचे भाऊ, मोज्याची परीक्षा केली. जाळीचा पट्टा दोन ठिकाणी अडकला. पट्टा नणंदेला परत दिला आणि तिलाही मोजा फिरवायला लावला. चामड्याच्या पट्ट्याचं बक्कल पास झालं. पैठणी नेसायची असेल त्या दिवशी मात्र माझं जुनं टायटनच. ते हातात आलं की आईची आठवण येते, आणि त्याला चार्जिंग लागत नाही.

संध्याछाया बाई, तुम्ही योग्य बोललात. अण्णांच्या फोनवर पहिल्याच पानावर तीन मोठे फोटो ठेवलेत: शेजारचे काका, मी, आणि त्यांचे डॉक्टर. फोटोला बोट लावलं की फोन लागतो. आधी काकांना, मग मला, असं त्यांच्याकडून चारदा करून घेतलं. वैतागले, पण केलं.

तर ठेवतेय. फॉसिलने हा धंदा सोडलाय हे मनात आहे. बॅटरी खचली की घड्याळजी काकांना विचारून उघडायला देईन. नाही झालं तर तेव्हा लिलीसारखं लहान काहीतरी बघेन, मराठीची परीक्षा घेऊनच. नवीन कोणी विचारत असेल तर मी म्हणेन, आज पूर्ण किंमत देऊन हे घेऊ नका. घरात कोणाचं पडून असेल तर जरूर वापरा, फक्त फोन किती लांब राहणार ते आधी चालून बघा.

आज पाचव्या तासाला फळ्यावर समांतर रेषांचा कोन काढत होते. मनगट थरथरलं. वळवून पाहिलं, 'अण्णा'. खडू ठेवला, मुलांना उदाहरण सोडवायला सांगितलं, खणातून फोन काढून दारात गेले. अण्णा म्हणाले, 'अगं काही नाही, बघत होतो लागतो का. लागला.' आणि फोन ठेवून दिला.

---

घड्याळजी_दुसरी_पिढी | २१ जुलै, रात्री ९.५०

ताई, छान झालं. पट्टा पावसात भिजला तर उन्हात वाळवू नका, चामडं तडकतं. पंख्याखाली सपाट ठेवा.

---

माजघर | २१ जुलै, रात्री ९.५८

आजच भिजलाय. ठेवते पंख्याखाली.